न पडलेली कळी

"बापाला शेवटचं बघायला पन नाय गेली ती. माईंचा होकार नव्हता ना. याला म्हणतात निष्ठा, नायतर आपण."

वाल सोलता सोलता माझ्या शेजारच्या बाईनं पलीकडच्या बाईला हे सांगितलं. पलीकडची हळहळली, पण त्या बापासाठी नाही, आपली निष्ठा कमी पडते म्हणून. दुसऱ्या दिवशी गुरुवार होता, प्रसादाला बिरडं करायचं होतं, आणि आम्ही आठदहा जणी मोड आलेल्या वालांची परात मध्ये घेऊन बसलो होतो. जिच्याबद्दल बोलणं चाललं होतं ती वैशाली दाराशी तांदूळ निवडत होती. तिला सगळं ऐकू गेलं असणार. मी तिच्याकडे चोरून पाहिलं. अभिमान नव्हता, दुःखही दिसत नव्हतं. गाडी चुकल्यावरही थांब्यावरच उभं राहणाऱ्या माणसाचा चेहरा असतो, तसा तिचा चेहरा होता. माझ्या बोटांतला दाणा सालातून सटकून दूर गेला आणि मला एकदम आईचा पाय आठवला.

हे मी लिहीन असं मला कधी वाटलं नव्हतं. मी फार बोलणारी नाही. माझं शिक्षण इंग्रजी माध्यमातलं, त्यामुळे मनातले हिशेब आणि मनातली भीती दोन्ही अजून इंग्रजीत उमटतात. देवाशी बोलायला मात्र माझ्याकडे कुठलीच भाषा नव्हती. पण ज्याची कृपा झाली त्याचं ऋण कुठेतरी मान्य करावं, म्हणून जमेल तसं लिहिते.

आमचं मूळ घर धरमतरच्या खाडीकाठचं, मिठागरावर राबणारं. बाबा तिथून बाहेर पडले, धाटावला एका कंपनीत लागले, रोह्याला बिऱ्हाड केलं. एका सकाळी पहिल्या शिफ्टला गेले ते परत आलेच नाहीत. छातीत कळ आली आणि संपलं. त्यानंतर आई गॅस पेटवून त्याच्याकडे बघत उभी राहायची, वर काही ठेवायचंच विसरायची. मी तिच्याजवळ जाऊन उभी राहायची. अशात एक शेजारीण आम्हाला रोह्याजवळच्या वरसे गावात, 'परिवार' म्हणवणाऱ्या साधनेच्या मंडळात घेऊन गेली.

एका बंगल्यामागचा मोठा हॉल, पांढऱ्या भिंती, मूर्ती नाही, तसबीर नाही, फक्त एक समई. परिवार चालवणाऱ्या माई शाळेतून निवृत्त झालेल्या, आवाज इतका मऊ की ऐकायला पुढे वाकावं लागे. तिथे कुणाच्या अंगात येत नव्हतं, कुणी अंगारा देत नव्हतं, चमत्कारांच्या गोष्टी नव्हत्या. सगळ्यांनी अर्धा तास डोळे मिटून बसायचं. मला तेच आवडलं. आत्याच्या गावची देवी, तिला लावलेला कौल, दुपारी देवी झोपते म्हणून बांधावरून चपला हातात घेऊन चालणाऱ्या बायका, या सगळ्याची मला शाळेच्या दिवसांत लाज वाटायची. मैत्रिणींना मी ते कधी सांगितलं नाही. परिवाराबद्दल मात्र कुणालाही सांगता आलं असतं. त्यात विचित्र असं काही नव्हतंच. आणि खोटं कशाला बोलू, तिथे मला खरोखर शांत वाटायचं. आई पुन्हा जेवायला लागली ती तिथेच.

तिथला एकच नियम: विचारून करावं. माई डोळे मिटत, आत विचारत, आणि सांगत, होकार आहे, किंवा होकार नाही. सुरुवातीला मोठ्या गोष्टी विचारायच्या, घर बदलणं, लग्न ठरवणं. मग माहेरी जाणं आलं, केस कापणं आलं. प्रत्येकीनं मनाची वही लिहायची आणि दर पंधरा दिवसांनी माईंकडे द्यायची. मी ती इंग्रजीत लिहिली, तेवढाच आडोसा म्हणून. एका गुरुवारी माईंनी माझंच एक वाक्य सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. नाव घेतलं नाही, पण इंग्रजीत लिहिणारी तिथे मी एकटीच होते. त्यानंतर वहीत मी माईंना आवडेल तेच लिहायला लागले. पेणच्या एका शाळेनं मला शिकवायला बोलावलं, माईंचा होकार आला नाही, आणि मी त्याच दिवशी शाळेला नकार कळवला. तेव्हा मला वाईट वाटलं नाही. उलट हायसं वाटलं. मुलाखतीत बोलावं लागलं असतं. आपल्यासाठी दुसऱ्या कुणी ठरवणं यात किती विश्रांती असते, हे ज्यांनी अनुभवलं नाही त्यांनी आम्हाला हसू नये.

आत्याकडे जायचं बंद झालं तेही असंच. कौल लावणाऱ्या घरी गेलं की साधना मागे जाते, असं माई म्हणाल्या. अकरा महिने आम्ही तिकडे फिरकलो नाही.

आईला साखरेचा आजार बरीच वर्षं. परिवाराचं अंगण धुण्याची सेवा अनवाणी करायची असते. त्यात फुटक्या लादीची कड तिच्या अंगठ्याजवळ लागली. चार दिवसांत पाय सुजला. दवाखान्यात जाऊ का, असं आईनं माईंना विचारलं. होकार नव्हता. तीन गुरुवार थांब, हळद लाव, असं सांगणं आलं. इथे एक गोष्ट मला न्यायानं सांगितली पाहिजे, माई औषधांच्या विरुद्ध मुळीच नव्हत्या. त्यांच्या आसनाशेजारी त्यांच्या स्वतःच्या रक्तदाबाच्या गोळ्यांची डबी असे. औषध घ्यायचं की नाही हा प्रश्नच नव्हता. ते कुणाच्या सांगण्यावरून घ्यायचं, एवढंच काय ते होतं. पण हे तेव्हा मला दिसलं नव्हतं.

त्या बुधवारी वाल सोलून घरी आले आणि आईच्या पायावरचं फडकं सोडलं. अंगठा काळसर झाला होता. हळदीच्या वासाखाली दुसरा एक वास होता. मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जाऊ. आईनं पाय पदराखाली ओढून घेतला.

"उद्याचा एकच गुरुवार राहिलाय, बाळा. होकार मोडला तर तिथे परत पाय ठेवता येणार नाही. मग मी जाऊ कुठे?"

त्याच महिन्यात एक बाई न विचारता नवऱ्याबरोबर मुंबईला गेली होती. ती परत आली तेव्हा तिच्या सख्ख्या बहिणीनंही तिच्याकडे पाहिलं नव्हतं. आई कशाला घाबरत होती ते मला माहीत होतं. आणि मीही घाबरत होते, हे कबूल करते. आईचा पाय डोळ्यांसमोर असताना मला भीती वाटत होती ती माई रागावतील याची.

गुरुवारी सकाळी बाजारात जाते म्हणून निघाले आणि एसटीनं वडखळला उतरले. तिथून रिक्षानं आत्याच्या गावी. का गेले, मला सांगता येणार नाही. आपणहून ठरवायची सवयच मोडली होती. कुणालातरी विचारायला हवं होतं, आणि विचारण्यासारखं दुसरं कुणी नव्हतं.

आत्या मिठागरावर होती. डोक्याला फडकं, पाय पोटरीपर्यंत पांढरे, हातात लांब दांड्याचं फावडं. अकरा महिन्यांनी भाची आली, पण तिनं एका शब्दानं टोमणा मारला नाही. "आयलीस गो? पानी पी पयलं," एवढंच म्हणाली. मी पाणी प्यायले आणि सगळं सांगितलं. ती खाली बघत ऐकत राहिली. मग म्हणाली, देवीला विचारायचं हाय ना, चल.

देऊळ म्हणजे बांधाच्या टोकाला चार खांब आणि पत्रा. आत शेंदूर लावलेला एक उभा दगड. आत्यानं तगरीच्या दोन कळ्या पाण्यात बुडवून देवीच्या दोन खांद्यांवर चिकटवल्या. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. मनात विचार, असं तिनं मला सांगितलं. मी डोळे मिटले. शब्द इंग्रजीतच आले. आईला घेऊन जाऊ का, एवढंच विचारलं.

आम्ही बसून राहिलो. खाडीवरून वारा येत होता, पत्रा वाजत होता, आणि दोन्ही कळ्या तशाच होत्या. किती वेळ गेला कळलं नाही. कळ्यांवरचं पाणी सुकलं. सुकल्यावर तर त्या पडायला हव्यात. एकही पडली नाही. मला रडू आलं. मी आत्याला म्हटलं, तूच सांग मग काय करू.

"मी कोन गो सांगणारी?" आत्या म्हणाली. "तिनं तुझ्यावरच टाकलंय. नाय बोलली म्हंजी तुला ठाव हाय, असं हाय ते."

मी विचारलं, आणि डावी पडली असती तर? आत्या हसली. तिनं सांगितलं, घरावर पत्रे टाकताना देवीनं तीनदा डावा दिला होता. चौथ्यांदा ती देवीशी भांडली, पावसाळा काय तुझ्या देवळात काढू काय, असं म्हणाली, आणि सरळ पत्रे टाकले. मी विचारलं, मग देवी कोपली नाही?

"कशाला कोपेल? पत्रा उडाला असता तर हसली असती, नि जवळ घेतली असती. आय हाय ती." मग थोडं थांबून ती म्हणाली, "जी आय नाय ऐकलं म्हनून दार लावते ना, ती आय नसते गो."

मी त्या शेंदरी दगडाकडे पाहिलं. लहानपणापासून ज्याची लाज वाटली, त्याच्यासमोर मी इतकी मोकळी कशी बसले होते? आत्याचा विश्वास कुणाही शिकलेल्या माणसाला विचित्र वाटेल. दगड बोलतो, झोपतो, भांडण ऐकून घेतो. परिवारात असं काहीच नव्हतं. समई, शांतता, मऊ आवाज. आणि मी आजवर तेवढ्यावरूनच माणसं आणि देव तोलत आले होते, की कोण किती विचित्र दिसतं. विश्वास काय आहे हे बघत बसले. तो मोडणाऱ्याचं पुढे काय होतं, हे कधी पाहिलंच नाही. वैशालीचा चेहरा समोर आला. तिला कुणी बांधून ठेवलं नव्हतं. दारही उघडंच होतं. फक्त बाहेर गेलं तर परत आत घेणार नाहीत, एवढंच. आणि तेवढं पुरलं होतं.

आत्या बरोबर यायला तयार होती, पण तिला बघून आई जास्तच मिटली असती. डाक्टरकडं नेलीस की फोन कर, मी डबा घेऊन येते, असं म्हणून ती पुन्हा फावड्याकडे वळली. जाताना मी वळून पाहिलं. दोन्ही कळ्या अजून जागेवर होत्या.

हॉलमध्ये पोचले तेव्हा ध्यान संपून होकार मागायची वेळ चालली होती. आई पुढून तिसऱ्या रांगेत, दुखरा पाय लांब करून बसलेली. मला चार माणसांत बोलता येत नाही. तेव्हाही आलं नाही. मी पायऱ्यांवरून आईच्या चपला उचलल्या आणि आत घेऊन गेले. त्या हॉलमध्ये चपला कुणी आणत नसे. सगळ्यांच्या माना वळल्या. मी आईसमोर बसले, आधी चांगल्या पायात चप्पल सरकवली, मग दुसऱ्या पायाला लागू न देता पट्टा सैल करून दुसरी. आई माझ्याकडे बघत होती. ती नाही म्हणाली असती तर मी काय केलं असतं, मला माहीत नाही.

माईंचा आवाज नेहमीइतकाच मऊ होता. "बाळ, आज असेच उठलात, तर पुढचं आमच्या हातात नाही."

आईनं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि उठायचा प्रयत्न केला. तिला जमेना. तेवढ्यात दुसऱ्या बाजूनं तिच्या काखेत एक हात आला. वैशाली होती. ती कुणाकडे बघत नव्हती. तिनं आईला उभं केलं, दारापर्यंत आणलं, आणि उंबऱ्याशी थांबली. मी तिला चल म्हणायला हवं होतं. ते मला तेव्हा सुचलं नाही. त्याची खंत आजही आहे.

भर दुपारी वरशाच्या रस्त्यावर रिक्षा नव्हती. आई कुंपणाला टेकून उभी, चेहरा राखेसारखा. मी मनात कुणाला हाक मारली, आत्याच्या देवीला की बाबांना, आठवत नाही. तेवढ्यात एक टेम्पो आमच्यापुढे जाऊन थांबला आणि मागे आला. पेणच्या गणपतींच्या कारखान्यातला होता, रोह्यात कच्च्या मूर्ती पोचवून परत चालला होता. चालक पन्नाशीचा. त्यानं आईच्या पायाकडे पाहिलं आणि विचारलं, साखर हाय का यांना? मी मान हलवली.

"पेनला एक डाक्टर हाय, असेच पाय बघतो. माझ्या भावजयीचा पाय त्यानंच राखला. बसा."

मागे जाड पेंढा अंथरलेला होता. त्यावर आईचा पाय ठेवून मी शेजारी बसले. कोपऱ्यात सोंड दुखावली म्हणून परत निघालेली एक मूर्ती होती, पांढरी, रंगाआधीची, डोळे अजून न आखलेली. पेण येईपर्यंत आई त्या मूर्तीकडे बघत होती. नागोठण्याच्या पुढे केव्हातरी तिनं हात जोडले. काय मागितलं ते मी विचारलं नाही. चालकानं आम्हाला दवाखान्याच्या पायरीवर उतरवलं, आईला आधार देऊन आत नेलं, आणि मी नाव विचारायच्या आत निघून गेला. नंतर पेणच्या तीनचार कारखान्यांत मी चौकशी केली. वर्णन ऐकून सगळे हसायचे. असे दहा जण आहेत म्हणायचे. तो कोण होता याबद्दल माझा काही दावा नाही. तो त्या वेळी आला, एवढं खरं.

अंगठा गेला. पाय राहिला. आत्या रोज वडखळवरून डबा आणायची आणि आईच्या उशाशी बसून गावातल्या सगळ्यांच्या भानगडी सांगायची. आई पहिल्यांदा हसली ती त्यातल्याच कुठल्यातरी एका भानगडीला.

शरण जाणं म्हणजे काय, याचा मी पुढे पुष्कळ विचार केला. माईंकडे गेले तेव्हा मी शरण गेले असं मला वाटलं होतं. खरं तर मी फक्त माझी भीती दुसऱ्याच्या हाती सोपवली होती. त्या पत्र्याच्या देवळात मी सगळं ठेवलं आणि देवीनं ते माझ्या ओंजळीत परत दिलं. तेव्हा जे वाटलं, ते शरण जाणं असावं. भीती होतीच, पण पाय चालत होते. मी अजून डोळे मिटून अर्धा तास बसते. ते मी वरशालाच शिकले, आणि त्याबद्दल माझ्या मनात कृतज्ञताच आहे. आत्याकडे गेले की चपला हातात घेऊन बांधावरून चालते. आत्याला वाटतं मी सुधारले.

एक गोष्ट मात्र मी हिशेबात धरली नव्हती. आई आता मला विचारायला लागली. भात लावू का, ही साडी नेसू का, खिडकी उघडू का. सुरुवातीला वाटलं, आजारपणामुळे असेल. मग एक दिवस तिनं विचारलं, मी हो म्हटलं, आणि तिच्या चेहऱ्यावर जे समाधान आलं ते मला इतकं गोड लागलं, की मी दचकले. बोलायला घाबरणारी मी, माझ्या एका शब्दावर कुणीतरी उठत होतं, बसत होतं. माई एका दिवसात माई झाल्या नसतील, असं तेव्हा माझ्या मनात आलं.

आणि परवा, गुरुवारी, आई नवी साडी नेसून बाहेर आली. वैशालीचा निरोप होता. माईंनी आईला बोलावलं होतं, झालंगेलं विसरून. आईनं खुर्चीचा हात घट्ट धरला आणि विचारलं, "जाऊ का गो मी वरशाला?"

नाही, हा शब्द माझ्या ओठांवर होता. एका शब्दात काम झालं असतं. ती मुकाट्यानं साडी बदलून आली असती. ते मला माहीत होतं, आणि म्हणूनच तो शब्द उच्चारवेना. मी तिच्यासमोर खाली बसले. मग मी म्हटलं,

"माझं मत विचारशील तर जाऊ नकोस, आई. पण ठरवायचं तू. आणि गेलीस, तर संध्याकाळी तुला न्यायला मी तिथे बाहेर उभी असेन."